ॲम्प गरम होऊन बंद पडतो तेव्हा आधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा. सीएनजीची हॅचबॅक, समोर कॉम्पोनंट स्पीकरची जोडी, डिकीत बारा इंची सबवूफर (बासचा मोठा स्पीकर), आणि हे सगळं चार चॅनेलच्या एकाच क्लास एबी ॲम्पवर, म्हणजे ॲम्प्लिफायरवर. ॲम्प ड्रायव्हरच्या सीटखाली. सकाळी ऑफिसला जाताना काही त्रास नाही. संध्याकाळी हिंजवडीतून निघालं की भूमकर चौकाच्या गर्दीत पंचवीस-तीस मिनिटांनी आवाज बंद आणि लाल दिवा. दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप परत सुरू. दुकानदार म्हणतो ॲम्प कमी पडतोय, मोठा घ्या. मित्र म्हणतो दोन पंखे बसव, काम होईल. तुम्ही विचारताय, ऐकायचं कोणाचं?

तूर्तास कोणाचंच नको. तापून बंद पडणारा ॲम्प बहुतेक वेळा धडधाकट असतो. त्याच्याकडून जे काम करून घेतलं जातंय तिथे गडबड असते. मोठा ॲम्प त्याच चुकीच्या जोडणीवर बसवला तर तोही तापेल, फक्त बॅटरीतून जास्त करंट ओढून. तुम्ही सहज लिहून गेलात की सबवूफर ड्युअल व्हॉइस कॉइलचा आहे, म्हणजे त्यात तारेची एक नव्हे तर दोन वेटोळी आहेत, चार अधिक चार ओहमची, दोन्ही कॉइल प्लसला प्लस आणि मायनसला मायनस जोडल्या आहेत आणि ॲम्पचे मागचे दोन चॅनेल ब्रिज केलेत. माझ्या मते निम्म्याहून जास्त उत्तर या एका ओळीत आहे. पण खात्री केल्याशिवाय वायरला हात लावू नका.

प्रोटेक्शनचा दिवा एक असला तरी तो लागायची कारणं चार-पाच असतात, आणि ती वागणुकीवरून ओळखता येतात. गाडी चालू करताच, गाणं लागायच्या आधीच लाल दिवा आला तर स्पीकरची वायर कुठेतरी बॉडीला टेकलीय किंवा ॲम्पच्या आतला आउटपुट मॉसफेट वा ट्रान्झिस्टर गेलाय. प्रत्येक मोठ्या ठोक्याला आवाज तुटून लगेच परत येत असेल तर व्होल्टेज खाली बसतंय. वीस-तीस मिनिटं व्यवस्थित वाजून मग बंद, आणि थंड झाल्यावरच परत सुरू, हे खरं तापमानाचं प्रोटेक्शन. तुमचं वर्णन याच प्रकारात बसतं. तुम्ही लाल दिवा लिहिलाय, तरी एक गोष्ट पुढच्या वेळी नीट बघा: बंद पडल्यावर लाल दिवा लागलेला असतो, की पॉवरचा आणि लाल असे दोन्ही दिवे विझलेले असतात? दोन्ही विझलेले असतील तर ॲम्प स्वतःहून थांबलेला नाही, त्याला वीजच मिळत नाहीये. मग रिमोट वायर (ॲम्पला चालू हो असा इशारा देणारी), फ्यूज होल्डर आणि थिंबल (वायरीच्या टोकाला दाबलेली धातूची टोपी) याच क्रमाने बघायचं. बोनेटमधला स्वस्त काचेच्या फ्यूजचा होल्डर आतून सैल होतो, तापतो, प्लॅस्टिक वितळतं, आणि थंड झाल्यावर पुन्हा टेकतो. वरून पाहणाऱ्याला वाटतं ॲम्पच तापला.

आता तापमान खरंच किती जातंय ते मोजा. हाताने अंदाज घ्यायचा तर साधारण ५० अंशांवरच्या धातूवर हात कसाबसा ठेवता येतो, ६० च्या पुढे काही सेकंदांत काढावा लागतो. बहुतेक ॲम्पमधला थर्मल स्विच हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी ॲल्युमिनियमची बॉडी, ८० अंशांच्या आसपास गेली की काम करतो, म्हणजे 'हात लावला तर चटका बसतो' ही तक्रार एकट्याने बिघाड सिद्ध करत नाही. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तम, पण कोविडमध्ये घेतलेली कपाळासमोर धरायची बंदूक इथे चालणार नाही. ती शरीराच्या तापमानापुरतीच असते. आणि चकचकीत ॲल्युमिनियमवर चांगलं यंत्रही फसतं, खूप कमी आकडा दाखवतं. हीटसिंकवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर मोजा.

सकाळी ठीक आणि संध्याकाळी बंद, यात गूढ काही नाही. सकाळी गाडीत २५ अंश असतील तर ८० पर्यंत पोचायला ॲम्पला ५५ अंशांची मोकळीक आहे. एप्रिल-मेमध्ये पुण्यात पारा ४० ला टेकतो, उघड्या पार्किंगमध्ये दिवसभर उन्हात उभी राहिलेली गाडी आतून त्याहून बरीच तापते. संध्याकाळी सीटखालचा गालिचाच ५० वर असेल तर मोकळीक उरली ३० अंशांची. तेवढीच उष्णता तयार झाली तरी मर्यादा लवकर गाठली जाते. म्हणून 'सकाळी चालतो म्हणजे जोडणी बरोबर आहे' असं समजू नका. सकाळी तुमचं जेमतेम भागतंय, इतकंच.

आता सबवूफरच्या जोडणीच्या त्या ओळीकडे येतो. चार ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या की दोन ओहम होतात. ब्रिज केलेला ॲम्प म्हणजे दोन चॅनेल मिळून एक स्पीकर चालवतात, आणि प्रत्येक चॅनेलला त्या स्पीकरचा निम्मा रोध दिसतो. म्हणजे तुमच्या मागच्या प्रत्येक चॅनेलला आत्ता एक ओहम दिसतोय. चार चॅनेलचे बहुतेक ॲम्प प्रति चॅनेल किमान दोन ओहम आणि ब्रिजमध्ये किमान चार ओहमसाठी बनवलेले असतात. टर्मिनलजवळ बारीक अक्षरात किंवा माहितीपत्रकात तसं छापलेलं असतं. वाचून घ्या. तुमच्या ॲम्पवरही तेच लिहिलं असेल तर त्याच्याकडून मर्यादेच्या दुप्पट करंट ओढला जातोय. रसवंतीच्या चरकात एकदम चार-पाच ऊस कोंबले तर रस भरपूर येतोही, पण मोटर तापून ट्रिप होते आणि शिव्या मोटरला बसतात. इथेही तसंच झालंय. दुकानात असं का करतात, तर जोडल्या जोडल्या आवाज दणदणीत येतो आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. तापायला लागेपर्यंत गाडी दुकानापासून लांब गेलेली असते.

मोजायला दोन मिनिटं लागतात. सबवूफरच्या दोन्ही वायरी ॲम्पच्या टोकाकडून काढा. मल्टिमीटर ओहमच्या सर्वांत खालच्या रेंजवर ठेवून आधी दोन्ही पिना एकमेकींना टेकवा. जो आकडा येईल, समजा ०.२ किंवा ०.३, तो पिनांचा स्वतःचा रोध. तो नंतरच्या आकड्यातून वजा करायचा. चार ओहमची एक कॉइल मीटरवर साधारण ३.२ ते ३.७ दाखवते, कारण मीटर डीसी रोध मोजतं आणि छापलेले ओहम गाणं वाजतानाच्या एसी सिग्नलसाठी असतात. दोन समांतर असतील तर १.६ ते १.८ येईल. याहूनही कमी आला, समजा एकच्या खाली, तर कॉइल आतून जळून तिचे काही वेढे एकमेकांना चिकटलेत किंवा वायर कुठे दबली आहे. तसंच प्रत्येक स्पीकरच्या वायरीपासून गाडीच्या बॉडीपर्यंतही मोजा. तिथे मीटरने काहीच दाखवता कामा नये. दरवाजाच्या रबरी नळीत वायर दाबली जाऊन तिचं आवरण फाटणं हा पावसाळ्यानंतर हमखास सापडणारा दोष आहे, आणि तो दरवाजा एका विशिष्ट कोनात असतानाच दिसतो. दरवाजा उघडत-बंद करत मोजा.

तुमच्या सबवूफरला हाच ॲम्प ठेवून करता येण्यासारखी एक सरळ गोष्ट म्हणजे कॉइल एकामागे एक, सीरिजमध्ये जोडणं. ॲम्पचा प्लस पहिल्या कॉइलच्या प्लसला, पहिल्या कॉइलचा मायनस दुसऱ्या कॉइलच्या प्लसला, दुसऱ्याचा मायनस ॲम्पच्या मायनसला. झाले आठ ओहम. पोलॅरिटी उलटी करू नका, नाहीतर दोन कॉइल एकमेकींच्या विरुद्ध जोर लावतील, बास गायब होईल आणि कॉइल नुसत्या तापत राहतील. आठ ओहमवर ताकद चार ओहमच्या निम्मी मिळेल. ऐकायला हे भयंकर वाटतं, पण निम्मी ताकद म्हणजे तीन डेसिबल. कानाला आवाज निम्मा वाटायला साधारण दहा डेसिबलचा फरक लागतो. ब्रिजमध्ये चार ओहमवर खरे २०० वॉट देणारा ॲम्प आठवर १०० देईल, आणि हॅचबॅकच्या बंद केबिनमध्ये बारा इंचीला १०० खरे वॉट पुष्कळ होतात. त्याने भागलं नाही तर पुढचा पर्याय दोन अधिक दोन ओहमचा सबवूफर घेऊन तो सीरिजमध्ये चार ओहमवर चालवणं, किंवा सबवूफरसाठी दोन ओहमला चालणारा वेगळा मोनो क्लास डी ॲम्प. एकच कॉइल जोडून दुसरी मोकळी सोडायचा सल्लाही कोणी देईल. ओहमचा हिशोब त्यात जमतो, पण सबवूफरची ताकद पेलायची क्षमता निम्मी होते आणि खोक्यातली त्याची वागणूकही बदलते. मी तो करत नाही.

क्लास एबी आणि क्लास डी यांतला फरक उष्णतेच्या बाबतीत फार मोठा आहे. पूर्ण ताकदीला एबी साधारण ५५ ते ६० टक्के वीज स्पीकरला देतो, बाकीची हीटसिंकमध्ये जाते. डी ८० टक्क्यांच्या पुढे जातो. पण लोकांना माहीत नसलेली गोष्ट वेगळीच आहे: एबी ॲम्प सर्वांत जास्त तापतो तो फुल्ल आवाजाला नाही, तर मधल्या आवाजाला. ट्रान्झिस्टरमध्ये जाणारी उष्णता कमाल ताकदीच्या ४० टक्क्यांच्या आसपास सर्वोच्च असते. त्यामुळे 'मी तर कधी फुल्ल लावतच नाही' या वाक्याने ॲम्पची सुटका होत नाही. रोध कमी असेल तर बेताचा आवाजही त्याला भाजून काढतो.

गाण्याचाही फरक पडतो. भावगीतात किंवा अभंगात तबल्याच्या दोन ठोक्यांमध्ये ॲम्पला श्वास घ्यायला वेळ असतो. डीजे रिमिक्समध्ये बास सलग दाबून भरलेला असतो, सरासरी ताकद कितीतरी जास्त. तुम्ही संध्याकाळी काय ऐकता ते लिहिलेलं नाही, पण गर्दीत वैतागलेला माणूस भावगीत लावत नाही असा माझा अनुभव आहे.

दुसरा मोठा गुन्हेगार गेन. गेनची खुंटी म्हणजे आवाज वाढवायचं बटण नव्हे. हेड युनिटमधून (डॅशबोर्डवरच्या म्युझिक सिस्टिममधून) येणाऱ्या सिग्नलला ॲम्पच्या मर्यादेशी जुळवून घेण्यापुरती ती आहे. ती पूर्ण उजवीकडे पिळली की ॲम्प लवकर क्लिप होतो, लाटेची डोकी कापली जातात, आणि तितक्याच उंचीची पूर्ण कापलेली चौकोनी लाट साध्या लाटेच्या दुप्पट ताकद स्पीकरमध्ये ओतते. त्यावर बास बूस्ट म्हणजे आगीत तेल. सहा डेसिबलचा बूस्ट त्या पट्ट्यात चौपट ताकद मागतो, बारा डेसिबलचा सोळापट. अनेक ॲम्पवर ही खुंटी १२ पर्यंत जाते आणि बहुतेक गाड्यांत मला ती शेवटपर्यंत फिरवलेली सापडते. ती शून्यावर आणा. हेड युनिटमधला लाउडनेस आणि इक्वलायझरमधला वर चढवलेला बासही सपाट करा.

गेन लावायची साधी पद्धत मल्टिमीटरची. सबवूफरच्या वायरी ॲम्पपासून काढून ठेवा. फोनवर नाही, पेनड्राइव्हवर ५० हर्ट्झचा शुद्ध टोन टाका आणि हेड युनिटमधून वाजवा, आवाज कमालीच्या तीन चतुर्थांशावर. ब्रिजच्या दोन टर्मिनलवर मीटर एसी व्होल्टवर लावा. किती व्होल्ट हवेत त्याचं गणित म्हणजे वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. २०० वॉट चार ओहमवर म्हणजे ८०० चं वर्गमूळ, सुमारे २८ व्होल्ट. आठ ओहमवर १०० वॉट, तरी तेच ८००, तेच २८. गेन शून्यावरून हळूहळू वाढवत २८ ला थांबा. मी तर २५-२६ लाच थांबतो. समोरच्या स्पीकरच्या चॅनेलला ७५ वॉट चार ओहमवर असतील तर ३०० चं वर्गमूळ, १७ व्होल्ट. तिथे मात्र ३०० हर्ट्झच्या आसपासचा टोन घ्या. घरगुती स्वस्त मीटर ५० हर्ट्झच्या विजेसाठी बनवलेलं असतं, एक हजार हर्ट्झवर त्याचा आकडा खोटा येऊ शकतो. आणि हे वॉट खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेले घेऊ नका.

खोक्यावरचे वॉट हा वेगळा विनोद आहे. '४००० वॉट' लिहिलेल्या ॲम्पच्या बुडाशी ३० ॲम्पिअरचे दोन फ्यूज असतात. ६० ॲम्पिअर गुणिले १३.८ व्होल्ट म्हणजे आत जाणारीच वीज ८३० वॉटच्या आत. एबीचे ५५ टक्के धरले तर बाहेर साडेचारशे, तेही सगळ्या चॅनेलचे मिळून. विश्वास ठेवण्याजोगा आकडा हवा असेल तर माहितीपत्रकात सीईए-२००६ (आता सीटीए-२००६) या ताकद मोजायच्या मानकाचा उल्लेख शोधा, त्यात १४.४ व्होल्टला, चार ओहमवर, एक टक्क्याहून जास्त विकृती न होता किती आरएमएस, म्हणजे सलग, ताकद मिळते ते सांगावं लागतं. असा उल्लेख नसेल तर फ्यूजवरून हिशोब करा. फ्यूज सहसा खोक्याइतका खोटा बोलत नाही.

तिसरी बाजू विजेची. ॲम्पच्या टर्मिनलवर मीटर डीसी व्होल्टवर लावा. इंजिन बंद असताना भरलेल्या बॅटरीला १२.६ च्या आसपास, चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.४. नव्या काही गाड्यांत अल्टरनेटर इंधन वाचवायला मुद्दाम व्होल्टेज वरखाली करतो, त्यामुळे एकदा १२.५ आणि ब्रेक मारताना १४.८ दिसलं तर घाबरू नका. महत्त्वाचं हे की बासच्या ठोक्याला बॅटरीवरचं व्होल्टेज आणि ॲम्पवरचं व्होल्टेज यांत किती फरक पडतो. मी अर्ध्या व्होल्टाच्या वर खपवून घेत नाही.

तुमची वायरिंगची किट 'आठ गेज'ची आहे म्हणता (गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड). आवरणावर काय छापलंय यापेक्षा आत काय आहे ते बघा. एक बारीक तार सोलून ब्लेडने खरवडा. आत पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, ज्याला बाजारात सीसीए म्हणतात. शंका उरली तर ती एकच तार गाडीपासून लांब नेऊन लायटरच्या ज्योतीवर धरा. ॲल्युमिनियम वितळून गळतं, तांबं लाल होऊन राहतं. जाडी खरी धरली तरी पाच मीटर शुद्ध तांब्याच्या आठ गेज वायरमध्ये ४० ॲम्पिअरला ०.४ व्होल्ट जातात, तशाच सीसीएमध्ये ०.६५ च्या पुढे. चार गेजच्या तांब्यात ०.१६. आणि स्वस्त किटमध्ये रबर जाड आणि धातू बारीक असतो, त्यामुळे प्रत्यक्षात याहून वाईट. काही ॲम्पचा आतला पॉवर सप्लाय रेग्युलेटेड असतो. तो व्होल्टेज पडलं की तेवढीच ताकद द्यायला जास्त करंट ओढतो आणि जास्त तापतो. रेग्युलेटेड नसेल तर ताकद कमी होते, क्लिपिंग लवकर सुरू होतं, आणि माणूस आवाज अजून वाढवतो. दोन्हीकडून शेवट हीटसिंकवरच.

हिंजवडीच्या गर्दीत हे सगळं अजून बिघडतं. इंजिन आयडलिंगला असताना अल्टरनेटर त्याच्या छापील क्षमतेच्या बराच खाली करंट देतो. त्याच वेळी एसी, ब्लोअर, रेडिएटरचा पंखा, संध्याकाळ झालेली म्हणून हेडलाइट. नुसते दोन हॅलोजन दिवे ५५-६० वॉटचे धरले तरी आठ-नऊ ॲम्पिअर तिथेच गेले. उरलेलं ॲम्पला पुरत नाही आणि बॅटरी रिकामी होऊ लागते. मोठा ॲम्प घ्या म्हणणाऱ्याला विचारा, त्याला लागणारी वीज कुठून येणार?

अर्थिंगकडे सगळे सर्वांत कमी लक्ष देतात. अर्थची वायर प्लसच्या वायरीइतकीच जाड आणि शक्य तितकी आखूड हवी, साधारण अर्ध्या मीटरच्या आत. जिथे लावायची तिथला रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा उघडा करायचा, दातेरी वॉशर घालून नट आवळायचा आणि वरून ग्रीस किंवा रंग लावायचा, नाहीतर एका पावसाळ्यात गंज चढतो. सीटबेल्टचा बोल्ट वापरायचा नाही. तो जीव वाचवायला आहे. तुमच्या गाडीत सीएनजी आहे म्हणून आणखी एक: सिलिंडरच्या ब्रॅकेटच्या बोल्टवर अर्थ कधीही घेऊ नका. तपासायला मीटरची एक पिन ॲम्पच्या मायनसवर, दुसरी लांब वायरने बॅटरीच्या मायनसवर, आणि बास चालू. ०.२ व्होल्टाहून जास्त दिसलं तर अर्थिंग पुन्हा करा. अर्थात तेव्हा इंजिन ते बॉडी आणि बॅटरी ते बॉडी या कंपनीच्या मूळ पट्ट्याही बघा. जुन्या गाडीत दोष तिथेही असतो.

एवढं करूनही जागेचा प्रश्न उरतो. सिलिंडरने डिकी खाल्ल्यावर ॲम्प सीटखाली ढकलला जाणं पुण्यातल्या सीएनजी गाड्यांमध्ये नेहमीचं आहे. सीटखाली गालिचा, धूळ, मोजे, चिप्सची पाकिटं, आणि पावसाळ्यात ओल्या बुटांचं पाणी. शिवाय काही गाड्यांत मागच्यांच्या पायाकडे जाणारी हवेची नळी तिथेच उघडते. थंडीत हीटर लावला की गरम हवा थेट ॲम्पवर. सीटखालीच ठेवायचा असेल तर गालिच्यावर आडवा टाकू नका. दोन-अडीच सेंटीमीटर उंच स्पेसरवर बसवा आणि वरही चार बोटं जागा सोडा. सीट मागेपुढे सरकताना वायर अडकत नाही ना, तेही बघा. स्क्रू मारायच्या आधी गाडी रॅम्पवर घेऊन खाली वाका. ब्रेकची नळी, पेट्रोलची नळी आणि तुमच्याकडे सीएनजीची नळी गाडीच्या पोटाखालून जाते, आणि भरलेल्या सिलिंडरमध्ये २०० बारचा दाब असतो. तिथे अंदाजाने ड्रिल चालवायचं नसतं.

माझी पसंती मागच्या सीटच्या पाठीला प्लायवूडचा तुकडा लावून त्यावर ॲम्प उभा बसवण्याला आहे, हीटसिंकच्या पात्या वरखाली दिशेने, म्हणजे गरम हवा त्यांच्यामधून आपोआप वर जाते. सिलिंडरच्या व्हॉल्व्हपाशी हात मोकळा पोचला पाहिजे आणि त्याची वायुविजनाची नळी दबता कामा नये. सबवूफरच्या खोक्यावर ॲम्प ठोकणं टाळा. सततच्या कंपनाने आतल्या जोडांना चिरा पडतात. उलटा, छताला चिकटवल्यासारखा तर मुळीच नको, उष्णता त्याच्याच पोटात साठते.

मित्राचे पंखे यानंतर. संगणकातला ८० किंवा १२० मिलिमीटरचा १२ व्होल्टचा पंखा छान काम देतो, पण हवा हीटसिंकच्या पात्यांच्या लांबीच्या दिशेने गेली पाहिजे आणि ती बाहेरून आत येऊन कुठेतरी बाहेर पडली पाहिजे. बंद कोनाड्यात तीच गरम हवा गोल गोल फिरवून उपयोग शून्य. पंखा हेड युनिटच्या रिमोट वायरीवर थेट लावू नका. ती वायर फक्त इशारा द्यायला असते, तिच्यातून फारसा करंट निघत नाही. मध्ये रिले घाला आणि स्वतंत्र छोटा फ्यूज. एक ओहमच्या जोडणीवर पंखा लावला तर ॲम्प पंचवीसऐवजी चाळीस मिनिटं चालेल आणि आतले ट्रान्झिस्टर तितकाच वेळ जास्त भाजतील. म्हणून जोडणी आधी दुरुस्त करा.

समजा रोध बरोबर, गेन खाली, व्होल्टेज स्थिर, जागा मोकळी, आणि तरी तापतोय. मग ॲम्पच्या आत बघायची वेळ आली. सगळे स्पीकर आणि आरसीए (हेड युनिटकडून सिग्नल आणणारी केबल) काढून फक्त वीज आणि रिमोट देऊन ॲम्प अर्धा तास चालू ठेवा. एबी ॲम्प रिकामा असतानाही कोमट होतो, ते चालतं. चटका बसण्याइतका तापला तर बायस करंट, म्हणजे गाणं नसतानाही ट्रान्झिस्टरमधून वाहणारा करंट, जास्त झालाय किंवा एखादा घटक अर्धवट गेलाय. स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी व्होल्टही मोजा, गाणं बंद असताना. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक. काही शे मिलिव्होल्ट दिसले तर स्पीकर परत जोडू नका.

जुन्या ॲम्पमध्ये तीन गोष्टी नेहमी सापडतात. फुगलेले किंवा सुकलेले कपॅसिटर. ट्रान्झिस्टर आणि हीटसिंक यांच्यामधली वाळून पावडर झालेली पेस्ट. आणि त्यांना दाबून धरणाऱ्या पट्टीचा सैल स्क्रू. शेवटचे दोन दोष फसवे असतात, कारण आतला ट्रान्झिस्टर जळत असतो आणि बाहेरचं कव्हर मात्र थंड लागतं. पॉवर सप्लायमध्ये समांतर लावलेल्या मॉसफेटपैकी एक गेला तर बाकीचे त्याचं ओझं वाहतात आणि तापतात. बदलायचे तर त्या गटातले सगळे एकदम, एकाच बॅचचे. बाजारात नकली मॉसफेट भरपूर आहेत, स्वस्तात मिळाला की आधी तोच संशय घ्यायचा. सुटे भाग बुधवार पेठेत तपकीर गल्ली आणि पासोड्या विठोबाच्या परिसरात मिळून जातात, पण सोल्डरिंगची सवय नसेल तर ॲम्प उघडू नका. आतले मोठे कपॅसिटर वीज काढल्यावरही काही काळ भरलेले असतात.

दुरुस्तीला दिलात तर काढलेले भाग परत मागा. पैसे देण्याआधी टेबलवर, चार ओहमच्या डमी लोडवर (स्पीकरऐवजी लावायच्या रोधकावर), अर्धा-पाऊण तास चालवून दाखवायला सांगा. स्पीकर लावून दोन मिनिटं गाणं ऐकवलं तर त्यातून काहीच कळत नाही. तुमचा ॲम्प बंद पडतो तो पंचविसाव्या मिनिटाला.